जुनी जिप्सी किंग विकायची आहे? मग गाडीच्या खालून सुरुवात करा

मारुती जिप्सी आता नवी मिळत नाही. डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या छोट्या इंजिनावर आलेली ही गाडी १९९६ मध्ये १३०० सीसीची 'किंग' झाली. २००० मध्ये तिला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं) इंजिन मिळालं आणि २०१८ सरता सरता सामान्य ग्राहकांसाठी तिचं बुकिंग बंद झालं. म्हणजे विदर्भात आज जी जिप्सी विकली जाते, ती हातबदलीचीच. तिला गिऱ्हाईक मात्र कमी नाही. ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा गेटवर, उमरेड-कऱ्हांडल्यात, नवेगाव-नागझिऱ्यात पर्यटकांना फिरवणारे तिच्याच शोधात असतात. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं शेत गाठायचं असलेले शेतकरी आहेत आणि नागपूरचे हौशी लोकही आहेत. हा आढावा एमपीएफआय किंगचा आहे आणि तो मुख्यतः विकणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने तोच उलट्या बाजूने वाचावा.

गाडी म्हणून मत स्पष्ट आहे. वजन हजार किलोच्या आसपास, ताकद ८० बीएचपी, फोर बाय फोरसाठी (चारही चाकांना ताकद देण्यासाठी) वेगळा लो गिअर आणि दुरुस्ती कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजमध्ये होण्याइतकी साधी रचना. ओल्या काळ्या मातीत जड डिझेल गाडी स्वतःच्या वजनाने रुतते, तिथे जिप्सी वरवरून निघून जाते. उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कंपनीचा एसी नाही. पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यामुळे डांबरी खड्ड्यांत कंबर दुखते. पेट्रोल लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास जातं आणि टाकी ४० लिटरची. या उणिवा घेणाऱ्याला माहीत असतात, त्या झाकायच्या भानगडीत पडू नका. भाव पडतो तो वेगळ्याच गोष्टींनी.

गाडी धुवायची, पॉलिश मारायचं, सीटला नवी कव्हरं चढवायची आणि फोटो टाकायचे, ही रीत सगळीकडे आहे. जिप्सीच्या बाबतीत त्याचा फार उपयोग होत नाही, कारण जाणकार गिऱ्हाईक आधी पोतं अंथरून गाडीखाली झोपतो. बॉनेटवरचा ओरखडा त्याला चालतो. चॅसिसची सडलेली कड चालत नाही.

म्हणून पहिलं काम चॅसिसचं. आपल्याकडची काळी माती एकदा ओली झाली की लोखंडाला घट्ट धरून बसते. वरून वाळते, पण आत दिवाळीपर्यंत ओल धरून राहते. जिप्सीत ती साचते ठराविक जागी: चॅसिस आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत, बॉडी माउंटच्या रबराभोवती, पेट्रोल टाकीच्या गार्डमध्ये आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटा चॅसिसला जोडणाऱ्या कडीजवळ). धानपट्ट्यात, म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याकडे चिखलणीच्या दिवसांत बांधीत उतरलेल्या गाडीत हा गाळ चॅसिसच्या भोकांतून आतही जातो. सर्व्हिस सेंटरच्या नेहमीच्या धुलाईत तो निघत नाही. रॅम्पवर गाडी चढवून चॅसिसच्या प्रत्येक भोकातून जोराची धार सोडावी लागते, तीही स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत. मग दोन दिवस कडक उन्हात गाडी सुकू द्या. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मागचा क्रॉस मेंबर (चॅसिसचा आडवा पट्टा), शॅकलच्या जागा आणि माउंट ठोकून पाहा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द येतो.

वरवरचा गंज निघाला तर वायर ब्रशने घासा, झिंक प्रायमर द्या, वर काळा चॅसिस पेंट मारा. घासण्याआधीचे, प्रायमरनंतरचे आणि शेवटचे असे फोटो काढून ठेवा. विक्रीच्या आठ दिवस आधी अख्ख्या तळाला जाड डांबरी कोटिंग मारून घेण्याचा सल्ला काही गॅरेजवाले देतात. तो ऐकू नका. ताज्या काळ्या थराखाली काय आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सडलेलंच आहे असं धरून घेणारा भाव सांगतो. चांगल्या चॅसिसवर असं कोटिंग मारणं म्हणजे आपल्याच हाताने किंमत कमी करणं.

फ्लोअरच्या मॅट उचलून पाय ठेवायच्या जागेचा पत्रा आणि काचेच्या फ्रेमची खालची कडही पाहा. कापडी हूडची जिप्सी असेल तर या दोन्ही जागा पावसाने आधी खराब होतात. चॅसिसवर कोरलेला नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. आरटीओच्या कागदांवर त्याची पेन्सिल छाप घेतात. तो गंजाने पुसट झाला असेल किंवा रंगाखाली गेला असेल तर हलक्या हाताने केरोसीनच्या फडक्याने साफ करा. तिथे ग्राइंडर किंवा सँडपेपर लावायचा नाही. नंबरावर घासल्याची खूण दिसली की चांगल्या गाडीवरही संशय येतो.

आता पुढचा अ‍ॅक्सल. जिप्सीत चाकामागे लोखंडी गोळा असतो, त्याच्या आत जॉइंट फिरतो आणि गोळ्याभोवती वर-खाली किंगपिनचे बेअरिंग असतात. गोळा ओला, तेलकट दिसला तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल गोळ्यात उतरून ग्रीसमध्ये मिसळतंय. निव्वळ बाहेरून पुसून गाडी दाखवली तर पाच किलोमीटरच्या चक्करमध्ये तो पुन्हा ओला होतो आणि तिथेच सौदा तुटतो. सील, फेल्ट आणि ग्रीस बदलण्याचं काम दोन्ही बाजूंचं एकदमच करा, कारण एका बाजूचं सील गेलं की दुसरं फार मागे नसतं. त्याच वेळी किंगपिन तपासून घ्या. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवा. खेळ लागला आणि कोणाला ब्रेक दाबायला लावल्यावरही तो गेला नाही, तर तो चाकाच्या बेअरिंगचा नसून किंगपिनचा. पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागल्यावर स्टिअरिंग थरथरत सुटतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. टायर बॅलन्सिंग करून ती थरथर दोन दिवस दबते, जात नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून, फोर बाय फोर लावून, मोकळ्या मातीत हळू गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर गोळ्यातला जॉइंट झिजला आहे. तो बदलायचा की भावात सोडायचा हे आधीच ठरवा, पण घेणाऱ्याला आपणच आधी सांगा.

या गाडीचा जीव ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत आहे. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि केस रबराच्या माउंटवर स्वतंत्र टांगलेली असते. या रचनेमुळे ती एकटी उतरवून दुरुस्त करता येते, हा मोठा फायदा. पण माउंटची रबरं सुकली की केस हलते, लिव्हर उडतो, आणि लोकांना वाटतं आतले गिअर गेले. विदर्भाच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं, म्हणून आवाज आला की आधी माउंट आणि शाफ्टचे क्रॉस (वळते सांधे) पाहा, केस खोलायची घाई करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर खालून 'ठक' झालं, तर क्रॉसमध्ये किंवा शाफ्टच्या सरकत्या जोडात खेळ आहे. थोडी शिट्टीसारखी घरघर मात्र चांगल्या केसलाही असते. तिच्यासाठी भाव पाडून मागणाऱ्याला शांतपणे तसं सांगा.

या केसमध्ये तेल लिटरभरही मावत नाही, जेमतेम ८०० मिली. त्यामुळे बारीकशी गळतीही महागात पडते. कोरड्या केसवर चाललेली गाडी दुरुस्त होईपर्यंत विकायला काढू नये. नाल्यातून, बोदीतून गेलेल्या गाडीचं तेल काढून पाहिलं आणि ते दुधाळ निघालं, तर आत पाणी गेलं आहे. विकण्याआधी गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल अशा चारही जागांचं तेल बदलून बिल ठेवा. खर्च फार नाही आणि गिऱ्हाईकावर त्याचा परिणाम नव्या सीट कव्हरपेक्षा कितीतरी जास्त होतो.

फोर बाय फोर दाखवायची ती डांबरी रस्त्यावर नव्हे. डांबरावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायला वाव मिळत नाही, शाफ्टमध्ये ताण साठतो आणि मग लिव्हर निघत नाही. मुरमाच्या किंवा नांगरलेल्या रानात घ्या. चाकांवर फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारी कळ) असतील तर आधी ते लॉक करा. हळू, सरळ चालत 4H (नेहमीच्या वेगाचं फोर बाय फोर) लावा, मग थांबून, क्लच दाबून 4L (लो गिअर). लो गिअरमध्ये पहिल्यावर एखाद्या उतारावरून ब्रेक न लावता खाली सोडा. अशा वेळी लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला उडाला तर केस खोलावी लागणार. वर्षानुवर्षं फोर बाय फोर न लावलेल्या गाडीत लिव्हरचा जोड जाम झालेला असतो. घरची गाडी असेल तर विक्रीच्या महिनाभर आधीपासून आठवड्याला एकदा मातीत नेऊन लिव्हर वापरत राहा.

इंजिनाबद्दल फार सांगावं लागत नाही, हे इंजिन टिकाऊ आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदलूनच विका. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी सुरू करून गरम करून ठेवू नका. थंड इंजिनवरची पहिली सुरुवात त्यानेच करावी. त्या क्षणी निळा धूर आला तर व्हॉल्व्हची सीलं, आणि तो सतत राहिला तर रिंगा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे अर्धवट चोक झालेला रेडिएटर लपत नाही. अर्धा तास चालवून, उभी करून सुरू ठेवून काटा पाहा. आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत महत्त्वाची झाली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या दाबून पाहा. चिकट किंवा भेगाळ लागल्या तर बदला. हा प्रश्न भावाचा नसून आगीचा आहे. मागच्या ड्रममधली माती काढून घ्या आणि गाडी गोठ्याजवळ किंवा गोदामात उभी राहिली असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलं नाही ना ते बघा.

बदल केलेल्या गाड्यांबद्दल मत ठाम आहे: त्या स्वस्तात जातात, आणि जायलाच हव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपेक्षा वेगळा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते उचलून धरलं. आरसीवर पेट्रोल लिहिलेलं असताना आत डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी दिसायला दमदार असली, तरी तिचं हस्तांतरण अडतं आणि अपघातात विम्याचा दावा धोक्यात येतो. पुढचा जाड बंपर गार्ड, रुंद टायर, लिफ्ट किट यांवर केलेला खर्च भावात परत मिळत नाही. मूळ मापाचे २०५/७० आर१५ टायर, मूळ बंपर, मूळ हूड माळ्यावर ठेवले असतील तर ते बसवूनच गाडी दाखवा. गार्ड आणि दिवे वेगळे विका.

गाडी कोणत्या घरची, यावरही बरंच ठरतं. खासगी, पांढऱ्या पाटीची, एकाच मालकाची जिप्सी वरच्या भावाची. सफारीत चाललेल्या पिवळ्या पाटीच्या गाडीचं किलोमीटर मीटरवर कमी दिसतं, पण त्यातला बराच वेळ ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, धुळीत घालवलेली असते. तिचा क्लच, एअर फिल्टरची पेटी आणि मागच्या सीटचे सांधे आधी तपासले जातात. शिवाय खासगी करायची तर परमिट परत करणं आणि कराचा फरक हे वेगळं काम आहे, ते कोण करणार ते बोलीतच ठरवा. तिसरी जात लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांची. त्यांच्या आरसीवर निर्मितीचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष यांत मोठं अंतर असतं. ते लपवू नका, लिलावाचे कागद जपून दाखवा. अशी गाडी नागरी गाडीच्या भावात मागणं बरोबर नाही.

भावाचा एकच आकडा सांगणारा माणूस अंदाज सांगतो. जवळपासच्या तीन-चार जिल्ह्यांत त्याच सालाच्या, त्याच बॉडीच्या गाड्या काय भावाने मागितल्या जातात ते पाहा, मग आपल्या गाडीतून पाच टायर, हूड, क्लच आणि बॅटरी यांपैकी जे वर्षभरात बदलावं लागेल त्याची खरी किंमत वजा करा. वजाबाकीचा हा कागद गिऱ्हाईकासमोर ठेवला की घासाघीस निम्म्यावर येते. 'भाऊ, एवढी चांगली गाडी कायले विकून राह्यले?' हा प्रश्न येणारच. त्याचं एक सरळ, खरं उत्तर तयार असू द्या.

कुठे विकावी? ऑनलाइन गाड्या विकत घेणाऱ्या कंपन्यांचा सौदा झटपट होतो, पण त्यांची आकडेमोड साल, मॉडेल आणि किलोमीटरवर चालते. निरोगी ट्रान्सफर केसचे पैसे तिथे कोणी मोजत नाही. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात कागदांची झंझट कमी, पण त्यांचा नफा आपल्याच भावातून निघतो. राखलेल्या जिप्सीसाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फोर बाय फोर जाणणारा मेकॅनिक आणि थेट गिऱ्हाईक. मेकॅनिकचं कमिशन आधी ठरवून द्या. स्वतः जाहिरात टाकत असाल तर बाहेरच्या चार फोटोंसोबत तळाचे दहा टाका, थंड इंजिन सुरू करतानाचा आणि 4L मध्ये चालतानाचा सलग व्हिडिओ टाका. जाहिरातीत गाडी नंबर झाका. 'मी फौजेत आहे, बदली झाली, न पाहताच घेतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा फोन आला तर तिथेच ठेवा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन केल्यावर पैसे आपल्याच खात्यातून जातात. वेळेचं म्हणाल तर कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर, म्हणजे दिवाळीपासून पुढे शेतकरी गिऱ्हाईक वाढतं. सफारीवाला मात्र जंगल उघडण्याच्या आधी, सप्टेंबरात शोधत असतो.

कागदांत एकही ढिलाई नको. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. एनओसीवरची मुदत बघा, ती बहुधा तीन महिन्यांचीच असते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती नसेल तर हस्तांतरण अडतं. ई-चलन भरून टाका. गाडीची १५ वर्षं भरत आली असतील तर मुदतीच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ वर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते करूनच विका, कारण पाच वर्षं पुढे ढकललेली आरसी असलेल्या गाडीला दुप्पट गिऱ्हाईक पाहायला येतं. चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं. २० वर्षांवरच्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा.

सौद्याच्या दिवशी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. फॉर्म कोरे सोडून सही करून देण्याची आपल्याकडची जुनी सवय सगळ्यात घातक आहे. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय पेन टेकवू नका. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. गाडी दुसऱ्या राज्यात, बालाघाट, सिवनी किंवा राजनांदगावकडे जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. चलन किंवा कर बाकी असेल तर ती निघत नाही, म्हणून एनओसी हातात आल्यावरच पूर्ण रक्कम आणि किल्ली यांची अदलाबदल करा.

रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त घेणं आयकर कायद्याला चालत नाही, रक्कम बँकेतूनच घ्या आणि खात्यात जमा झालेली पाहून मगच किल्ली द्या. चक्कर मारायला देताना लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी बसा. डिलिव्हरी नोटवर तारीख, नेमकी वेळ, मीटरचा आकडा, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्या वेळेनंतरच्या चलनांच्या आणि अपघातांच्या वादात हा कागद पुरावा म्हणून कामी येतो, पण आरसीवर नवं नाव चढेपर्यंत भरपाईची जबाबदारी आपल्यावरच येऊ शकते. फास्टॅग काढून खातं बंद करा. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो आणि ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेऊन ठेवलं की तीन वर्षांत पुढच्या गाडीला लावता येतो. महिनाभराने परिवहन पोर्टलवर गाडी नंबर टाकून आरसीवर नवं नाव चढलं का ते पाहा. चढलं नसेल तर फॉर्म २९ ची प्रत आणि डिलिव्हरी नोट घेऊन स्वतः आरटीओत जा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.